थिबा राजाची थोरली राजकन्या पळून गेली नव्हती

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसचा फोटो लावून एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, शेवटच्या राजाची मुलगी पॅलेसमध्ये राहत असताना ड्रायव्हरच्या प्रेमात पडली, त्याच्याबरोबर पळाली, त्या धक्क्याने राजा गेला, घराण्याने तिला टाकलं, तिची मुलगी भीक मागत मेली आणि वंश बुडाला, असा त्याचा सूर. वाचून संताप येतो, कारण जवळपास प्रत्येक वाक्य खोटं आहे.

आधी पॅलेस. इंग्रजांनी हद्दपार केलेलं राजकुटुंब १८८६ साली रत्नागिरीत आलं तेव्हा पॅलेस नव्हताच. बंगल्यांत सोय केली होती. पॅलेसमध्ये बिऱ्हाड हललं १९१० च्या अखेरीस. थोरली राजकन्या म्यात फया जी हिची मुलगी टूटू जन्मली १९०६ मध्ये. म्हणजे पॅलेसमध्ये पाऊल पडलं तेव्हा टूटू चार वर्षांची झाली होती. तिचे वडील गोपाळ भाऊराव सावंत हे राजाकडचे दरवान, आणि आधीच लग्न झालेले.

मग पळाली कोण? इथे दोन बहिणींच्या गोष्टी एकत्र कालवल्यात. आईचा विरोध असताना घर सोडून लग्न केलं ते दुसऱ्या राजकन्येने, खिन माउंग लाट या ब्रह्मी तरुणाशी, १९१७ साली. राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये, म्हणजे त्या लग्नाच्या आधी. आणि टूटूच्या जन्मानंतर तो दहा वर्षं जगला. धक्क्याची गोष्ट तारखांतच बसत नाही.

मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. राजधानी मंडाले सुटली तेव्हा थोरली पाच वर्षांची होती. टूटू झाली तेव्हा सव्वीस. मधली सगळी वर्षं सरकारी पहाऱ्यात गेली. जावई राजवंशातलाच हवा, हा बापाचा हट्ट. तसे तरुण सगळे समुद्रापलीकडे, आणि राजाभोवती ब्रह्मी माणसं जमू द्यायला इंग्रज सरकार धजेना. चार मुली लग्नाच्या झाल्या, वय उलटत चाललं, स्थळ काही येईना. रोज नजरेला पडणारी माणसं म्हणजे नोकरचाकर आणि पहारेकरी. अशा बाईच्या नावावर चटकदार प्रेमकथा खपवायला जीभ कशी रेटते?

घराण्याने टाकलं, हेही खरं नाही. १९१९ मध्ये थिबाची राणी सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला परतली तेव्हा थोरली आणि टूटूही सोबत होत्या. पुढे थोरली लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली, ती स्वतःच्या इच्छेने. तिला सुख लाभलं नाही हे खरं. दिवस हलाखीचे गेले आणि १९४७ मध्ये ती इथेच वारली.

टूटूने भीक मागितली नाही. ती पवारांच्या घरची सून झाली, इथली मराठी बोलली, शेणाच्या गवऱ्या थापल्या, कागदाची फुलं करून विकली, पोरं वाढवली. २००० साली, नव्वदी ओलांडून गेली. कष्टाने चार पैसे मिळवणाऱ्या बाईला भिकारीण म्हणणं हा तिचा अपमान आहे.

वंश बुडाल्याचं तर सोडूनच द्या. टूटूची मुलं-नातवंडं महाराष्ट्रातच आहेत. धाकट्या राजकन्येचे चिरंजीव तॉ फया २०१९ पर्यंत म्यानमारमध्ये हयात होते, आणि डिसेंबर २०१६ मध्ये, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिकडचे वंशज रत्नागिरीत त्याच्या समाधीवर येऊन गेले.