मूठभर माणसं आणि १२१ मतं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निवडणूक असो-नसो, एक मजकूर फिरत असतो. सार असं: ग्वाल्हेरात आपण मूठभर उरलो, राज्याचं राजकारण भोपाळ-दिल्लीत ठरतं, तक्रारी करून काही होत नाही, नोकरदाराने या फंदात पडू नये, तेव्हा फार तर ‘नोटा’चं, म्हणजे ‘यांपैकी कुणीच नाही’चं, बटण दाबावं आणि घरी बसावं. खाली हात जोडलेले. लोक ‘अगदी बरोबर’ म्हणत पुढे ढकलतात.

मूठभर, कबूल. पण २०१८ च्या विधानसभेला ग्वाल्हेर दक्षिणचा, म्हणजे लष्करातल्या कितीतरी मराठी घरांच्या मतदारसंघाचा, निकाल १२१ मतांनी लागला. २०२३ ला राज्यातल्याच शाजापूरची जागा २८ मतांनी गेली. आपल्याकडे केळवणाला याहून मोठी पंगत बसते. आणि नोटा? २०१८ ला त्याच ग्वाल्हेर दक्षिणमध्ये नोटाला दीड हजारांवर मतं पडली. त्याने काय झालं? काही नाही. नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखालचा उमेदवारच निवडून येतो.

भोपाळचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. तिकिटं वरच ठरतात. मार्च २०२० मध्ये २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि निवडून आलेलं सरकार पडलं; मतदाराला कुणी विचारलं नाही. पण पुढचंही आठवा ना. त्याच नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली. ग्वाल्हेर जिल्ह्यात तीन जागा होत्या, त्यातल्या ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा इथे राजीनामा देऊन पक्ष बदललेले उमेदवार हरले, डबऱ्यात तर मंत्रीच. तो निकाल काही भोपाळहून आला नव्हता.

‘तक्रारी करून काही होत नाही’ म्हणणारे बहुतेक कुठे हात टेकतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली की ती आधी खालच्या, एल-वन अधिकाऱ्याकडे जाते. चार दिवसांनी फोन येतो: ‘भाईसाहब, काम हो जाएगा, शिकायत कटवा दो.’ आपण मराठी माणसं भिडस्त. हो म्हणतो, तक्रार बंद होते, नाला तसाच वाहतो. इथे हो म्हणायचं नाही, एवढंच. काम झालं नाही असं ठामपणे सांगितलं की तक्रार वर चढते, सगळ्यात वरच्या एल-फोरपर्यंत. साहेबांना न मिटलेल्या तक्रारींच्या आकड्यांचा जाब द्यावा लागतो, म्हणून तर फोनवर एवढी गोडी!

त्याच्याही पुढची वाट फारच थोडे वापरतात. आमदार विधानसभेत लेखी प्रश्न विचारू शकतो. खात्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. नागरिकांची याचिकाही तो सभागृहात मांडू शकतो. अधिवेशनातली कार्यसूची काढून बघा, याचिकांची यादी असते: अमुक गावचा रस्ता, तमुक शाळेची इमारत. गल्लीतल्या पंधरा सह्या, दोन फोटो आणि एक पानाचा अर्ज घेऊन आमदाराच्या कार्यालयात जायला कुठल्या पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. लग्नपत्रिका द्यायला जातोच की आपण! (अर्ज हिंदीत लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.)

राहिला नोकरीचा बागुलबुवा. सरकारी कर्मचाऱ्याला पक्षाचं काम करता येत नाही, हे खरं. मध्य प्रदेशच्या १९६५ च्या आचरण नियमांत तसं स्पष्ट आहे. पण वहिनींनी एखाद्या पक्षात जायचं ठरवलं तर भाऊंच्या नोकरीचं निमित्त सांगू नये. खाजगी नोकरीवाल्यांना तर हे नियम लागूच नाहीत. आणि फूलबागेत रोज सकाळी अख्खा देश चालवणारे निवृत्त काका मंगळवारी कलेक्टर कचेरीच्या जनसुनवाईत अर्ज घेऊन उभे राहिले, तर त्यांना अडवणारा नियम कुठला, ते मजकूर पाठवणाऱ्यानेच सांगावं.