‘वाय’ की ‘एम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाच्या) लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, सगळे ड्रायव्हर असतातच, मग कर्नल स्वतः कॉन्फिगर करा म्हणणं म्हणजे वाचकांचा वेळ वाया घालवणं. पुरावा म्हणून दोन अनुभव दिलेत: एएमडीजीपीयू हा एएमडी ग्राफिक्सचा ड्रायव्हर ‘वाय’ केल्यावर, म्हणजे कर्नलमध्येच बांधल्यावर, स्क्रीन काळा पडला, आणि ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ या ड्रायव्हर छाटणाऱ्या कमांडनंतर पेन ड्राइव्ह दिसेनासा झाला.

वेगाबद्दल आपलं भांडणच नाही. ‘एम’ केलेला ड्रायव्हर मॉड्यूल बनतो, म्हणजे गरजेनुसार लोड होणारी वेगळी फाइल; लोड न झालेलं मॉड्यूल डिस्कवर पडून असतं, मेमरी खात नाही. ड्रायव्हर छाटले की मशीन पळू लागतं असं कुणी सांगत असेल, तर खुशाल सोडून द्या. रोजच्या कामाच्या मशीनवर मीही डिस्ट्रोचाच कर्नल ठेवतो.

काळ्या स्क्रीनचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. एएमडीजीपीयूला फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइली लागतात आणि त्या रूट फाइलसिस्टमवर, म्हणजे सिस्टमच्या मुख्य डिस्क विभागावर, असतात. ‘वाय’ केलेला ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधीच, म्हणजे तो विभाग उघडण्याआधीच, कामाला लागतो, फाइल मागतो, मिळाली नाही की हात वर करतो. ‘एम’ ठेवला तर तो नंतर लोड होतो आणि प्रश्नच उरत नाही. ‘वाय’च हवा असेल, तर त्या फाइली इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये) घाला किंवा ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’ या पर्यायात त्यांची नावं देऊन कर्नलमध्येच बांधा. एनव्हीएमई (एसएसडी डिस्कचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (डिस्कवरच्या फाइलसिस्टमचा ड्रायव्हर) यांचं नेमकं उलटं: इनिटरॅमएफएस नसेल तर ते ‘वाय’च हवेत, कारण त्यांची मॉड्यूल ज्या डिस्कवर आहेत तीच त्यांच्याशिवाय उघडत नाही. कर्नल पॅनिक, म्हणजे बूट होतानाच सिस्टम ठप्प होणं, ठरलेलं. म्हणून ‘सगळं वाय करा’ किंवा ‘सगळं एम करा’ असले सल्ले मला पटत नाहीत.

लोकलमॉडकॉन्फिगला तुम्ही धोकादायक म्हणालात, ते मान्य नाही. त्या क्षणी एलएसमॉडच्या, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलच्या, यादीत जी मॉड्यूल दिसतात तेवढीच ते ठेवतं. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर त्याचं यूएसबी-स्टोरेज हे मॉड्यूल यादीत कुठून येणार? आधी सगळी उपकरणं जोडा, एकदा वापरा, मग कमांड द्या. बूट मेनूत जुना कर्नल राहू द्या. गिट बायसेक्ट करताना, म्हणजे बिघडवणारा बदल शोधायला कर्नल पुन्हापुन्हा बांधावा लागतो तेव्हा, याच छाटणीने बराच वेळ वाचतो.

आता ‘एलएसपीसीआय -के’ चालवून ग्राफिक्स कार्डासमोर कोणता ड्रायव्हर दिसतो ते पाहा, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘फर्मवेअर’ शब्द असलेल्या ओळी इथे टाका.