‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका

परवा एका कार्यक्रमात भावावरच्या चार ओव्या ऐकल्या. गायिकेचा गळा सुरेख, साथही छान. निवेदकाने प्रत्येक वादकाचं नाव घेतलं, माइकवाल्याचे आभार मानले. ओव्यांबद्दल मात्र ‘गीत पारंपरिक, चाल पारंपरिक’ एवढंच. घरी येईपर्यंत तो शब्द सलत राहिला.

कारण गेल्या दिवाळीत मी माण तालुक्यात मावशीकडे होते. तिच्या ओव्या फोनवर घ्यायच्या म्हणून तिला पलंगावर बसवलं. दोन झाल्या आणि गाडं अडलं. “आठवंना गं.” मग तीच उठली. पडवीतल्या जात्यावरची पोती बाजूला सारली, खुंटा ठोकून घट्ट केला. जात्याला टाकी लावून कितीतरी वर्षं झालेली, पीठ भरडंच पडत होतं. पण एका हाताने खुंटा फिरायला लागला, दुसऱ्या हाताने ज्वारीची मूठ पडायला लागली, आणि पाऊण तास ती थांबली नाही. एक ओळ म्हणायची, मूठ टाकताना जरा दम घ्यायचा, तीच ओळ पुन्हा घोळवून पुढची जोडायची. लोकगीतांच्या चाली कुठून आल्या असं आपण विचारतो. मला ती चाल त्या दमातून येताना दिसली.

मुलगा म्हणजे राघू, मुलगी म्हणजे मैना, भाऊ म्हणजे बंधू. सगळं गणगोत जात्याभोवती येऊन बसलं. त्यातली ही एक:

माणगंगा कोरडी, वाळू तापली दुपारी
बंधू माझा अनवाणी, आला बहिणीच्या दारी

मी विचारलं, ही कुणाची? म्हणाली, “माझ्या थोरल्या जावंची. बहात्तरच्या दुष्काळात तिचा भाऊ चालत आला हुता. आमी खडी फोडायला जायचो तवा.” आणि चाल? “गळा माझ्या आईचा. सासरचा गळा निराळा, त्यो मला कधी बसलाच न्हाई.”

म्हणजे शब्द जावेचे, सूर माहेरचा, आणि जोडणारी माझी मावशी. तीन बायका आहेत त्या दोन ओळींत. १९७२ साल आहे. एका भावाचे पोळलेले पाय आहेत. यातलं काय काय आपण ‘पारंपरिक’ या शब्दाखाली पुरून टाकतो!

ओवी जुनी आहे, हे मलाही ठाऊक आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’मध्ये नोंदवलंय की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती ओवीतच. पण राजाचं नाव राहिलं, ज्ञानेश्वरांचं राहिलं, कांडणाऱ्या बायांपैकी एकीचंही राहिलं नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही. आपल्या खिशात तर फोन आहे.

आणि हे करता येतं, करून दाखवलंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणारा संग्रह) संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. तिथे ओवीखाली बाईचं नाव असतं, गाव असतं. परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे म्हटलं की मला एक माणूस आठवतो, ‘लोकधन’ नाही. वेळ काढून ऐकाच.

कुणी म्हणेल, ओवी सगळ्यांचीच असते, प्रत्येक गावात शब्द बदलतात, मग नाव कुणाचं लावायचं? जिच्याकडून ऐकली तिचं लावा. तिने कुणाकडून घेतली ते विचारा, तेही लावा. ओवी सगळ्यांची झाली म्हणून ती कुणीच रचली नाही असं होत नाही. ओव्या स्टेजवर जरूर गा, कीबोर्ड घ्या, तबला घ्या, माझी काही हरकत नाही. पण माइकवाल्याचं नाव घ्यायला वेळ आहे, तर ओवी देणाऱ्या बाईसाठीही दोन वाक्यं काढा.

तुमच्या घरात सत्तरीपुढची आजी, आत्या, मावशी असेल तर या सुट्टीत जा. जातं नसेल तर सूप द्या हातात, निवडायला तांदूळ द्या. हात रिकामे ठेवू नका.

त्या दिवशी निघताना मावशीला रेकॉर्डिंग ऐकवलं. फाइलला मी ‘मावशीच्या ओव्या’ नाव दिलं होतं, ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “माझ्या कशाला? तिचं नाव घाल की आधी.” मी घातलं. जावेचं नाव, तिच्या माहेरचं गाव, आणि पुढे १९७२.