‘स्टोरी’ला दर वेळी ‘कथा’ म्हणू नका

मराठी भाषांतरात सध्या एक शब्द फार राबवला जातोय, तो म्हणजे ‘कथा’. इंग्रजीत ‘स्टोरी’ दिसली की मराठीत ‘कथा’ टाकायची आणि पुढच्या वाक्याला लागायचं. मग बातमीची कथा होते, आरोपीच्या जबाबाची कथा होते, शाळेत काय झालं ते मुलाने घरी येऊन सांगितलं तरी तीही कथाच. सबटायटलांत आणि मोबाइलवरच्या यांत्रिक भाषांतरात हे सर्रास चालतं. मला हे खटकतं. इंग्रजी जिथे एका ‘स्टोरी’वर भागवते तिथे आपल्याकडे पाच-दहा शब्द हाताशी आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आधी इंग्रजी शब्दाची घडण पाहू. मूळ ग्रीक ‘हिस्टोरिया’, म्हणजे चौकशी करून मिळवलेली माहिती. तो लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे दोन झाले: ‘हिस्टरी’ आणि ‘स्टोरी’. त्यामुळे ‘स्टोरी’ रचलेलीच असते असं मुळीच नाही. ‘हिज स्टोरी डझन्ट अ‍ॅड अप’ याचं ‘त्याची कथा जुळत नाही’ केलं की तो लेखक वाटायला लागतो. तिथे ‘त्याच्या सांगण्यात मेळ नाही’ हवं. घडलेलं जसंच्या तसं सांगणं म्हणजे ‘हकीकत’. हा अरबीतून आलेला शब्द मुळात ‘सत्य’ या अर्थाचा, म्हणून या जागी तो फिट्ट बसतो. छोटा, गमतीचा, घडलेला प्रसंग असेल तर ‘किस्सा’. वर्तमानपत्रातली ‘स्टोरी’ ही ‘बातमी’, नाहीतर ‘वृत्तान्त’.

गोष्ट या अर्थाच्या इंग्रजी ‘टेल’ची गंमत आणखी वेगळी आहे. त्या शब्दकुळात सांगणं आणि मोजणं शेजारी शेजारी नांदतात. बँकेत पैसे मोजून देणारा ‘टेलर’ त्यातलाच, आणि जर्मनमध्ये त्याच कुळातला ‘त्साल’ म्हणजे आकडा. आता आपल्याकडे बघा. ‘ख्या’ या धातूपासून ‘आख्यान’ झालं आणि त्याच धातूपासून ‘संख्या’. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी मोजणं आणि सांगणं एकाच खुंटीला बांधलं!

‘आख्यायिका’ या शब्दाचा तर प्रवासच उलटा झाला. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो ‘आख्यायिकोपलब्धार्था’, म्हणजे जिचा विषय आधीपासून ठाऊक आहे, घडलेला आहे ती आख्यायिका. आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’, म्हणजे कल्पनेने रचलेली ती कथा. बाणभट्टाचं राजा हर्षावरचं ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा, असा चोख हिशेब होता. आज मराठीत ‘अशी आख्यायिका आहे’ म्हटलं की ऐकणारा समजतो, याला पुरावा नाही. म्हणून ‘लेजंड’ला ‘आख्यायिका’ किंवा ‘दंतकथा’ आज अगदी योग्य आहेत. जुन्या संस्कृत ग्रंथाविषयी लिहिताना मात्र तोच शब्द जपून वापरावा. ‘लेजंड’ लॅटिनमध्ये ‘वाचायची गोष्ट’ होती, संतांची चरित्रं वाचली जायची त्यावरून. आपली दंतकथा तोंडातोंडी चालणारी. मुळं अगदी उलट, तरी आजचं काम एकच.

बाणाच्या ‘कादंबरी’च्या नायिकेचं नावही कादंबरीच, आणि तेच पुढे मराठीत ‘नॉव्हेल’साठी रूढ झालं. कन्नडमध्येही तेच. हिंदीत ‘उपन्यास’.

आता ‘गोष्ट’. माझं स्पष्ट मत आहे की ‘स्टोरी’साठी पहिला विचार याच शब्दाचा व्हावा. संस्कृतात ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधायची जागा, आपला गोठा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे चार माणसांची बैठक, तिथलं बोलणं, आणि त्यातून आपली ‘गोष्ट’. या शब्दात समोर ऐकणारा माणूस बसलेला आहे. ‘आजी, गोष्ट सांग’ असंच आपण म्हणतो. ‘कथा सांग’ म्हटलं की सत्यनारायण आठवतो. छापील, रचलेल्या वाङ्मयप्रकाराला ‘कथा’ म्हणावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथेही हरिभाऊ आपट्यांच्या काळी ‘स्फुट गोष्ट’ हाच शब्द होता.

‘गोष्ट’ वापरताना एक खड्डा आहे. तिचा दुसरा अर्थ ‘बाब’. ‘त्याने तीन गोष्टी सांगितल्या’ यात किस्से तीन की मुद्दे तीन, हे कळत नाही. उपाय सोपा आहे. त्या परिच्छेदात गोष्ट ही ‘स्टोरी’साठी राखून ठेवा आणि इतर ठिकाणी ‘मुद्दा’, ‘बाब’, ‘वस्तू’ यांतला नेमका शब्द घ्या. संपादन करताना ‘गोष्ट’ आणि ‘गोष्टी’ शोधून प्रत्येक जागा तपासली की बरीचशी पानं आपोआप स्वच्छ होतात.

‘कहाणी’वर तर हिंदीमुळे अन्याय झालाय. हिंदीत ‘कहानी’ म्हणजे कोणतीही गोष्ट. गोव्यातही कोंकणीत साध्या गोष्टीला ‘काणी’ म्हणतात. मराठी कहाणीला मात्र ठरलेला साचा आहे. श्रावणात हातात अक्षता घेऊन ऐकायची ती कहाणी. ‘आटपाट नगर होतं’ने सुरुवात, मग कुणाचं तरी दारिद्र्य किंवा दुःख, मग वसा, ‘उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका’ ही ताकीद, कुणीतरी उततं-माततंच, पुन्हा संकट, शेवटी देव प्रसन्न. आणि मग ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’. साठ उत्तरांचं पाचांत आटोपलं! थोडक्यात सांगण्यासाठी इंग्रजीत ‘टू कट अ लाँग स्टोरी शॉर्ट’ असा जो लांबलचक वाक्प्रचार आहे, त्याला इतका देखणा मराठी जोड दुसरा नाही. याच परंपरेमुळे व्रताबाहेरही ‘कहाणी’त सोसण्याचा सूर येतो: कर्मकहाणी, रामकहाणी, तिच्या संसाराची कहाणी. एखाद्या कंपनीच्या भरभराटीला ‘कहाणी’ म्हणताना म्हणूनच अडखळायला होतं. तिथे ‘यशोगाथा’ रुळलेला आहे.

रोज दिसणाऱ्या आणखी काही चुका. ‘मधुमेहाविषयीची मिथके’ असं लिहू नका, ते ‘गैरसमज’ आहेत. मिथक हा पुराणकथेच्या प्रांतातला शब्द. ‘पॅरेबल’ला बोधकथा चालते, पण महानुभाव पंथाच्या जुन्या ग्रंथांतला ‘दृष्टान्त’ जास्त नेमका आहे, कारण त्यात आधी उदाहरण आणि मग त्याचा लागू होणारा अर्थ, म्हणजे दार्ष्टान्तिक, अशी रचनाच असते. ‘फेबल’साठी, विशेषतः पात्रं पशुपक्षी असतील तर, नीतिकथा किंवा प्राणिकथा. ‘कॉक अँड बुल स्टोरी’ म्हणजे भाकडकथा: भाकड गाय दूध देत नाही, तशी या कथेतून काही हाती लागत नाही. मूल ‘स्टोरीज’ सांगतंय असं आई रागाने म्हणते तेव्हा ते थापा मारतंय. ‘द स्टोरी गोज’ला ‘कथा अशी जाते’ लिहिलेलं वाचून जीव कळवळतो. तिथे नुसतं ‘म्हणे’ पुरतं. ‘दॅट्स अनदर स्टोरी’ला ‘ते वेगळंच प्रकरण’. आणि ‘टू स्टोरी हाऊस’ म्हणजे दोन कथांचं घर नव्हे, दुमजली घर. अमेरिकेत मजल्याचं स्पेलिंगही तेच असल्याने यंत्र इथे हमखास फसतं.

‘स्टोरीटेलिंग’चं ‘कथाकथन’ करताना थांबा. महाराष्ट्रात कथाकथन म्हणजे मंचावरचा, तिकीट लावून होणारा कार्यक्रम; मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव नेलेला. जाहिरातीच्या संदर्भात ‘गोष्टीतून सांगणं’ म्हणा, लोकांना लगेच कळतं. ‘नॅरेटिव्ह’ला साहित्यविचारात ‘कथन’ किंवा ‘निवेदन’ आहेच. राजकारणातलं नॅरेटिव्ह मात्र तसंच राहू द्यावं, तो शब्द आता गावच्या पारावरही कळतो. इन्स्टाग्रामवर चोवीस तास दिसणारी स्टोरीही ‘स्टोरी’च राहू दे.