पुतण्यानं दहा गाईंचा गोठा घालावा का

परवा रात्री जेवणं आटपल्यावर पुतण्या आला, मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "काका, हे वाच आधी." व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज होता. भारताचं दूध आता जगभर जाणार, दर कुठल्या कुठं जाणार, आत्ता गोठा घातला तो पुढं राजा होणार, असं सगळं. त्याच्या डोक्यात दहा एचएफ (जास्त दुधाच्या होल्स्टीन जातीच्या) गाईंचा मुक्त गोठा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा गोठा, बसलाय. बँकेकडनं 15 लाख काढायचे, वरचे थोडे वहिनींचे दागिने ठेवून करायचे. मला विचारतोय काय करू. मी तिथल्या तिथं काही बोललो नाही, कारण पोरगं कष्टाळू आहे, बीए करून चार वर्षं झाली, बेळगावात नोकरीसाठी हिंडून दमलंय, आणि अशा पोराच्या उत्साहावर पाणी ओतायला जीभ वळत नाही. दोन दिवस वही घेऊन बसलो. जे दिसलं ते इथं लिहितोय, कारण आपल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर भागात अशी पोरं घरटी एक आहेत.

आधी माझ्या गोठ्याचं सांगतो. दोन एचएफ गाई आणि एक म्हस. तीस वर्षं घरात दूध आहे, माझी फी, बहिणीचं लग्न, विहिरीचं खोदकाम सगळ्याला दुधाचा पैसा लागलाय, म्हणून या धंद्याबद्दल वाईट बोलताना मला त्रास होतो. पण हिशोब हा हिशोब.

गाय व्याली की पहिले दोन-तीन महिने 14-15 लिटर देते आणि माणूस त्याच आकड्यावर स्वप्नं बघतो. वर्षाचा मेळ घाला. 305 दिवस दूध, सरासरी 10 लिटर, बाकी दोन महिने भाकड. म्हणजे 365 दिवसांवर पसरलं तर रोजचे 8.3 लिटर. मला मिळणारा दर सरासरी 33 रुपये धरला, म्हणजे रोजचे 274. आता खर्च. गोळी पेंड 50 किलोचं पोतं 1600 ला, म्हणजे किलोला 32. भाकड आणि दुभती मिळून सरासरी 5 किलो, 160 रुपये. वैरण घरची असली तरी तिची किंमत आहेच, ऊस लावला असता त्या वाफ्यात, ती 85 धरली. डॉक्टर, रेतन, मिनरल मिक्श्चर, जंताचं औषध, विमा सगळं मिळून 20. झाले 265. हातात 9 रुपये. त्यावर कर्नाटक सरकारचं लिटरला 5 रुपये प्रोत्साहनधन आलं तर 41 आणखी. एका गाईमागं दिवसाला 50 रुपये, आणि त्यात पहाटे पाचला उठणारी आई, संध्याकाळी धार काढणारा मी, दुपारी वैरण कापणारी बायको, कुणाचीच मजुरी धरलेली नाही. शेणखत आणि कालवड हा फायदा वेगळा, तो मी नाकारत नाही, आमच्या उसाचा निम्मा उतारा त्या शेणावरच आहे.

पुतण्या म्हणतो माझ्या गाई 20 लिटरच्या असतील. बरं, तसं धरून बघितलं. सरासरी 15 लिटर, वर्षावर पसरून 12.5, प्रोत्साहनधन धरून 38 चा दर, रोजचे 475. अशा गाईला पेंड साडेसात किलो, मूरघास, औषधपाणी जास्त, 370 पर्यंत जातं. राहिले 105. दहा गाईंचे 1050. आणि 15 लाखाचा हप्ता 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिन्याला साडेबत्तीस हजार, म्हणजे रोजचे 1087. एकही गाय आजारी पडली नाही, एकही उलटली नाही (रेतन करूनही गाभ राहिली नाही असं झालं नाही), एकही सड दगडीनं, म्हणजे कासेच्या आजारानं, गेला नाही, गडी ठेवला नाही, तरी हप्त्यालाच पुरत नाही. 2022 ला लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या गोठ्यांत काय हालत होती ते सगळ्यांनी बघितलंय.

आता तो 33 चा आकडा कुठून येतो ते सांगतो. सकाळी सहाला आई किटली घेऊन डेअरीत उभी राहते. सेक्रेटरी चमच्यानं ढवळून मापटं भरतो, मशीनच्या नळीखाली धरतो, लाल आकडे उमटतात. फॅट 3.4, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.2. पावती कन्नडमध्ये असते, आईला कन्नड वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीत फॅट आणि कुठल्या ओळीत दर हे तिला पाठ आहे. ती आकडा बघते, पावती पदरात बांधते आणि घरी येऊन पहिलं वैरणीकडं बघते. पावसाळ्यात कोवळी वल्ली वैरण जास्त झाली की फॅट उतरतं, उन्हाळ्यात गाय धापायला लागली की एसएनएफ उतरतं. गाईच्या दुधाचा सगळा बाजार 3.5 आणि 8.5 या दोन आकड्यांवर बांधलाय, त्याच्या खाली गेलं की कपात. मेसेज पाठवणाऱ्याला हे आकडे माहीत नसावेत.

आपल्या सीमेवरची एक अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. कर्नाटकचं लिटरला 5 रुपये प्रोत्साहनधन केएमएफच्या, म्हणजे कर्नाटक दूध महासंघाच्या, संघाला दूध घालणाऱ्यालाच मिळतं. 2024 ला महाराष्ट्रानं गाईच्या दुधाला लिटरमागं आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान दिलं, ते त्यांच्या राज्यातल्या, कानात बिल्ला मारलेल्या जनावरांच्या दुधाला. आमच्यातले कितीतरी जण पलीकडच्या खाजगी डेअरीच्या गाडीला दूध घालतात, कारण ती दारात येते, उचल देते, म्हशीच्या फॅटला बरा दर देते. त्यांना ना इकडचे 5 ना तिकडचे 7. दूधगंगेच्या दोन्ही काठांवर तीच गाय, तीच पेंड, तोच ऊस, आणि माणूस मात्र दोन्ही सरकारांच्या यादीच्या बाहेर. आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा हा प्रश्न विचारा, भाषेच्या वादावर तासभर बोलतील, यावर दोन मिनिटं बोलतात का बघा.

आता जगाच्या बाजाराकडं येतो, कारण मेसेज त्यावरच होता. आपण 1998 पासून जगात सगळ्यात जास्त दूध काढणारा देश आहोत. 2023-24 ला 239 दशलक्ष टन, जगाच्या दुधाचा साधारण पाव हिस्सा. आणि त्याच वर्षी दुग्धजन्य माल बाहेर किती गेला? सुमारे 64 हजार टन, 2260 कोटी रुपयांचा. एवढ्या दुधापुढं हा आकडा बघितला तर खरं कारण कळतं, आपलं दूध आपणच पितो, चहात घालतो, तूप करतो, कुंदा करतो. विकणारा खरा न्यूझीलंड, लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, दुधातलं बहुतेक सगळं बाहेरच पाठवतो, आणि पावडरचा जगाचा भाव त्यांच्याच लिलावावर हलतो. एप्रिल 2022 ला स्किम पावडर (साय काढलेल्या दुधाची) टनाला 4500 डॉलरच्या आसपास होती, ऑगस्ट 2023 ला 2400 च्या खाली आली.

याचा आपल्याशी काय संबंध म्हणाल तर असा. शहरात पिशवीतून जेवढं गाईचं दूध खपतं त्याच्या वरचं सगळं पावडर आणि बटरला जातं. शंभर लिटर गाईच्या दुधातनं साधारण साडेआठ-नऊ किलो पावडर आणि चार किलो बटर निघतं. पावडर गोदामात पडून राहिली की डेअरीवाला पहिला हात आपल्या दरावर टाकतो. महाराष्ट्रात 2023 च्या सुरुवातीला 35 च्या वर गेलेला गाईचा दर 2024 ला 25-27 वर आला, त्याचं मूळ हेच. म्हणजे जगाचा भाव पडतो तेव्हा तो आपल्या गोठ्यापर्यंत पोचतो.

मग चढतो तेव्हा का पोचत नाही? इथं माझं खरं म्हणणं आहे. फेब्रुवारी 2011 ला देशात दूध महागलं तेव्हा पावडरची निर्यात बंद केली, ती जून 2012 ला उघडली, तोवर इथं पावडर साठून राहिली होती. एप्रिल 2023 ला लम्पीनंतर दूध कमी झालं, शेतकऱ्याला जरा दोन रुपये बरे मिळायला लागले, तर लगेच दिल्लीतनं बटर आयात करायची भाषा सुरू झाली, पवारसाहेबांनी पत्र लिहून विरोध केला तेव्हा कुठं ती थांबली. भाव चढला की दार बंद, भाव पडला की तुमचं तुम्ही बघा. शहरातल्या माणसाला दूध स्वस्त मिळावं हे मला पटतं, माझी बहीण पुण्यात राहते, तिच्या घरीही लहान पोरं आहेत. पण त्या स्वस्ताईचा भार एकट्या दोन गाईंच्या घरानं का उचलायचा? ज्या धंद्यात पडताना सगळी झळ आपल्याला आणि चढताना आपला वाटा कापलेला, त्या धंद्यात निर्यातीच्या भरवशावर 15 लाखाचं कर्ज काढू नये, एवढं मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या बाजूचंही मान्य करायला पाहिजे. बाहेरचा माल आत येऊ दिला नाही हे फार मोठं काम झालंय. 2019 ला आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात आपण गेलो नाही, गेलो असतो तर न्यूझीलंडची पावडर इथं पसरली असती. जुलै 2025 ला ब्रिटनशी करार झाला त्यातही दूध बाहेर ठेवलं. अमेरिकेशी बोलणी चालली तेव्हा मांसाचा अंश असलेलं खाद्य खाणाऱ्या गाईंचं दूध नको ही आपली भूमिका टिकली. पावडरवर 60 टक्के आणि बटरवर 40 टक्के आयात कर आहे म्हणून आज आईच्या किटलीला भाव आहे. यात कुठल्याही पक्षानं ढिलाई केली तर आपण रस्त्यावर यायला पाहिजे.

आणि निर्यात खरंच करायची असेल तर सुरुवात गोठ्यातनं आहे. लाळ-खुरकत हा जनावरांचा साथीचा रोग असलेल्या देशाकडनं माल घ्यायला मोठे देश कचरतात. 2019 पासून केंद्राची मोफत लसीकरणाची योजना चालू आहे, कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही लाळ-खुरकत मुक्त करायच्या राज्यांत धरलेत, आणि आमच्या गावात लस टोचायला आलेल्या पोरांना लोक सांगतात, "आमच्या म्हशीला नको, दूध आटतंय." दोन-चार दिवस कमी होतं, खरं आहे. पण ती लस चुकवली तर पुढचं सगळं चुकलं. तसंच पेंडीचं. ओल लागून बुरशी आलेली सरकी पेंड किंवा मक्याचा भरडा आपण "जनावराला काय होतंय" म्हणून घालतो, त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, दुधात उतरतं. आपल्याकडं त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, युरोपात 0.05. दहापट कडक. इंजेक्शन दिल्यावर तीन-चार दिवस दूध वेगळं काढायचं डॉक्टर सांगतो आणि त्याच संध्याकाळी ते डेअरीत जातं, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. हे सुधारलं तर बाहेरचं राहू दे, आपल्याच पोरांच्या पोटात चांगलं जाईल.

मला आशा कुठं वाटते ते सांगतो. म्हशीत आणि जवळच्या बाजारात. घरच्या म्हशीचं दूध सातच्या वर फॅट देतं, बेळगावच्या कुंद्याला, खव्याला, तुपाला, पनीरला तेच लागतं. सप्टेंबर 2025 पासून पॅक केलेल्या पनीरवरचा जीएसटी शून्य झाला, तूप-बटरवरचा 12 वरनं 5 वर आला. 2024 ला तिरुपतीच्या लाडवाला परत केएमएफच्या नंदिनीचं तूप जायला लागलं. बाहेर आपली जी थोडी ओळख आहे तीही तुपाचीच, आखातात आणि अमेरिकेत आपलीच माणसं ते घेतात. दिवाळी पाडव्याला बेळगावात गवळी लोक म्हशी रंगवून, शिंगांना गोंडे बांधून पळवतात ना, त्या म्हशीकडं बघून मला नेहमी वाटतं की आपल्या भागानं गाईच्या आकड्यामागं धावताना हिला जरा मागं टाकलं. म्हस उशिरा गाभ जाते, भाकड जास्त राहते, हे सगळं मान्य, पण तिचं दूध पावडरच्या गोदामात अडकत नाही.

पुतण्याला मी म्हटलं, कर्ज नको, आधी एक वर्ष माझ्या गोठ्यात ये. दोन गाई, एक म्हस, तूच बघ. प्रत्येकीचं दूध, पेंड, डॉक्टर वेगळं लिही. वर्षानं वहीत जे निघेल त्यावर दोन म्हशी घेऊ, त्यातले निम्मे पैसे मी घालतो. तो थोडा नाराज झाला, वहिनी मात्र देवापुढं दिवा लावून आल्या.

आज पहाटे पाचला आला. सोबत तराजू. मोठ्या गाईनं 6 लिटर 200 दिलं, लिहिलं. मग पेंडीचं घमेलं उचललं, जे मी सात-आठ वर्षं अडीच किलोचं म्हणून दोन्ही वेळेला घालतोय. तराजूवर ठेवलं, तर ते तीन किलो भरलं.