टीव्ही बंद होता, कारण वजाबाकी चालू होती

आज शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी दारातूनच विचारलं, "मॅडम, स्मार्ट टीव्ही बंद का?" पोरं फरशीवर गोल करून बसलेली, मधे खराट्याच्या काड्यांचा ढीग. त्या ढिगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शेरेबुकात लिहून गेले, 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर दिसून आला नाही.' घरी आले, भाकरी थापल्या, भांडी झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय.

त्या काड्यांचं सांगते. माझ्या दुसरीतली एक पोरगी ५२ वजा २७ चं उत्तर पंधरा दिवस ३५ लिहीत होती. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे, हा तिचा हिशोब. व्हिडिओ मीच तीनदा दाखवला होता. त्यात ५ वर काट बसते, वर ४ येतो, २ चे १२ होतात, टाळ्या वाजतात. तिनंही टाळ्या वाजवल्या आणि पाटीवर परत ३५ लिहिलं.

मग काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून बांधलेले, दोन काड्या सुट्या. म्हटलं, यातल्या मला २७ दे. तिनं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि तिचा हात थांबला. मी तोंडातून शब्द काढला नाही. बराच वेळ ती उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग एका गठ्ठ्याच्या रबरात बोट घालून हळूच म्हणाली, "बाई, सोडू का?"

दशक सुटा करणं तिला त्या बोटातून कळलं. व्हिडिओत तो गठ्ठा दुसऱ्याच कुणीतरी सोडला होता.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हो. समुद्र न पाहिलेल्या माझ्या पोरांनी भरतीच्या लाटा त्याच टीव्हीवर पाहिल्या, हे मान्य. गावानं वर्गणी काढून घेतलाय तो, त्याची किंमत मला कळते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला आणि अर्धी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. ऊर भरून येतो आठवलं की. पण ते कोड त्यांना वर्गात गरज दिसली म्हणून आले. कुणी लिंक पाठवून फोटो मागितला म्हणून नाही.

आणि आमच्याकडे रोज काय येतं? लिंक. हजेरीची लिंक, पोषण आहाराची लिंक, प्रशिक्षणाची लिंक, वर टीव्ही चालू असल्याचा फोटो, तोही पोरांचे चेहरे दिसतील असा. वर्ग चार, शिक्षक आम्ही दोघं. एक जण लिंक भरत बसला की दोन वर्ग वाऱ्यावर. लिंकमध्ये 'डिजिटल साधन वापरले का' असा रकाना असतो. 'मूल कुठं अडलं' असा रकाना मी आजवर पाहिला नाही. संताप होतो, खरंच होतो.

२०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचो. घरात फोन एकच, तो बापाबरोबर रानात. ती पोरं शाळेत परत आली तेव्हा जोडाक्षरं विसरून आली होती. काहींना तर माझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. तेव्हाच कळलं होतं आपल्याला सगळं. इतक्यात विसरलो?

साहेबही कधीकाळी वर्गात उभे राहिलेले असणार. त्यांनाही वरून तक्ता भरायचा असतो, तेही समजतं. मला एवढंच वाटतं की दोन मिनिटं खाली बसायला हवं होतं त्यांनी. ती पोरगी आज दुसऱ्या एका पोराला ६१ वजा ३८ शिकवत होती. त्याचा हात अडला, तर ही त्याला सांगेना. माझ्यासारखीच गप्प बसून त्याच्या बोटांकडे बघत होती.

टीव्ही उद्या लावणार आहे. तिसरी-चौथीला पाण्याचा धडा आहे, त्याला तो लागतो.

शाळा सुटल्यावर ती दारात घुटमळली. उद्या शंभराचा गठ्ठा बांधायचाय, रबर पुरायचं नाही, म्हणून विचारत होती, "बाई, आईच्या जुन्या साडीचा काठ आणू का?"

आण म्हटलं.