लग्नचौक लिहिणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख हवा होता

समूह प्रदर्शनांतील स्मृती आणि ओळख यांविषयीच्या तुमच्या लेखात वारली चित्रकलेची सुरुवात जणू चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यापासूनच होते, हे मला खटकले. म्हसे यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पॅरिसमधील १९८९ च्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांनी १९७० च्या दशकात विधीबाहेर, कागदावर चित्रे काढण्यापूर्वी ही चित्रे प्रामुख्याने सवाशिणींच्या हातची होती. डहाणू तालुक्यात शिक्षिका असताना एका लग्नघरी मी पाहिले आहे, की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट या सुफलनाच्या देवीचा चौक, म्हणजे लग्नातले चौकोनी विधिचित्र, लिहिला जात असताना धवलेरीचे, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली पुरोहित स्त्रीचे, गाणे थांबत नव्हते, आणि त्या गाण्याशिवाय चौकाला अर्थच उरला नसता. हो, तिथे चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’.

म्हणूनच ‘(कला)दालनाने ही स्मृती जपली’ हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. दालनात रेषा पोहोचते. गाणे, लग्नघर आणि लिहिणारीचे नाव मागेच राहते. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका समूह प्रदर्शनात शहरी चित्रकारांच्या कामांखाली त्यांची नावे आणि सविस्तर निवेदने होती, तर शेजारच्या वारली चित्राखाली केवळ ‘वारली, महाराष्ट्र’ एवढेच लिहिलेले होते. ते पाहून मला फार वाईट वाटले. ओळख या विषयावर प्रदर्शन मांडणाऱ्यांनी त्या चित्रकाराचे नाव विचारायला हवे होते.